मोढेऱ्याचा सूर्य आणि आमच्या घरची चिमणी

गेल्या नाताळच्या सुटीत आमची धाकटी बहीण आपल्या दोन मुलांसह आमच्याकडे बडोद्यास आली होती. गोदावरीकाठच्या आमच्या मूळ गावाहून इतक्या दूर ती प्रथमच येत होती. भाची आठवीत, भाचा सहावीत. भाच्याच्या दप्तरात शाळेने सुटीसाठी दिलेली एक वही होती. तिच्या एका पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने पाडलेले होते. डावीकडे ‘उष्णता व प्रकाशाचे नैसर्गिक स्रोत’ आणि उजवीकडे ‘मानवनिर्मित स्रोत’. दोन्ही रकान्यांत दहा-दहा नावे लिहून न्यावयाची होती. डावीकडे त्याने ठळक अक्षरांत ‘सूर्य’ लिहिले होते, उजवीकडे ‘बल्ब’. त्यापुढे त्याची गाडी अडली होती.

“मामा, चूल कुठं लिहू?” त्याने विचारले.

आम्ही वर न पाहताच म्हणालो, “मानवनिर्मित.”

“पण लाकूड तर झाडाचं असतं.”

आम्ही हातातले काम बाजूस ठेवले. प्रश्न सहावीतल्या मुलाचा होता खरा, परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नव्हते. खोलीत बसून रकाने भरण्यापेक्षा दिवसभर बाहेर पडून डोळ्यांनीच पाहावे, असे आमच्या मनात आले. पाहण्याजोगे स्थळही ठाऊक होते. मेहसाणा जिल्ह्यात मोढेरा नावाचे गाव आहे. तेथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे सूर्यमंदिर आहे, आणि त्याच गावच्या घरांवर आज सूर्यापासून वीज घेणारी पॅनेल बसलेली आहेत. एकाच गावी सूर्याशी जोडलेली दोन नाती पाहावयास मिळतील, या विचाराने आम्ही चौघांनी जाण्याचे ठरविले.

पहाटेच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो तेव्हा चांगलाच गारठा पडलेला होता. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी पुठ्ठे आणि काटक्या पेटवून शेकोटी केली होती. त्यांनी आम्हांलाही जागा करून दिली. अनोळखी माणसे एकमेकांजवळ सरकून उभी राहावीत, असे सामर्थ्य शेकोटीत असते. विजेच्या दिव्याखाली माणसे दूरदूर उभी राहतात. भाच्याने हात शेकता शेकता वहीत ‘शेकोटी’ लिहिले. बहीण मात्र जरा मागेच उभी राहिली. तिने शाल डाव्या हातावरून नीट ओढून घेतली. तिला आगीजवळ जाणे आवडत नाही. त्याचे कारण पुढे सांगू.

गाडी सुटली आणि बाजवा स्टेशनाच्या सुमारास डाव्या अंगाला अंधारात एक उंच ज्वाला दिसू लागली. मुले खिडकीला चिकटली. ती कोयलीच्या तेलशुद्धी कारखान्याची ज्वाला. हा कारखाना १९६५ साली सुरू झाला. शुद्धीकरणात जो वायू उरतो आणि ज्याचा उपयोग करता येत नाही, तो साचून धोका होऊ नये म्हणून उंच नळीच्या टोकाशी जाळून टाकतात. त्या ज्वालेवर कोणी स्वयंपाक करीत नाही, तिच्या उजेडात कोणी अभ्यासही करीत नाही. बहीण बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. “एवढं जळण फुकट,” एवढेच ती म्हणाली. ज्या बाईने जन्मभर सरपण मोजून वापरले, तिच्या तोंडून निघालेले हे उद्गार.

अहमदाबाद मागे पडता पडता उजव्या बाजूला तांबडे फुटले आणि काही वेळाने सूर्य वर आला. साबरमतीच्या पुढे शेतांवर धुक्याचा पातळ थर होता. तो पाहता पाहता विरला, आणि खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात गारठलेली मुले सैलावली. ते ऊन सूर्यापासून निघून आमच्या खिडकीपर्यंत येण्यास सुमारे आठ मिनिटे आणि वीस सेकंद लागतात. अंतर आहे पंधरा कोटी किलोमीटर. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस इतका तप्त आहे, आणि त्याच्या गाभ्यातील उष्णता दीड कोटी अंशांच्या घरात जाते. तेथे लाकूड नाही, कोळसा नाही. हायड्रोजन वायूचे कण एकमेकांत मिसळून हेलियम होतो आणि त्या घडामोडीत दर सेकंदास सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान नाहीसे होऊन त्याची ऊर्जा बनते. भाचीने विचारले, “मग सूर्य संपणार नाही का?” संपेल, परंतु अजून सुमारे पाचशे कोटी वर्षे तरी चिंता नाही, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. भाचीचे समाधान झाले.

कलोलच्या पुढे मोहरीच्या पिवळ्या शेतांतून मधूनच एखादे विचित्र यंत्र दिसू लागले. लोखंडी खांबावर आडवा दांडा, त्याच्या टोकाला घोड्याच्या तोंडासारखा भाग, आणि तो सारखा खाली वाकतो, वर येतो, पुन्हा वाकतो. जवळपास माणूस नाही. हे तेलविहिरीचे पंप. खंभातजवळ लुणेज येथे १९५८ साली आणि अंकलेश्वर येथे १९६० साली तेल लागले, आणि तेव्हापासून गुजरातच्या या पट्ट्यात तेलविहिरी शेतकऱ्यांच्या शेजारणी झाल्या. शेतकरी एरंड पेरतो, त्याच्या बांधापलीकडे पंप जमिनीखालून तेल ओढतो.

हे तेल आले कोठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागावर समुद्र होता. त्यातील सूक्ष्म वनस्पती उन्हावर वाढल्या, सूक्ष्म जीव त्यांवर जगले, मेले आणि चिखलाबरोबर तळाशी बसले. वर थरावर थर चढले. दाब आणि भूगर्भातील उष्णता यांनी त्यांचे तेल झाले. म्हणजे घासलेटच्या चिमणीत जो पिवळा उजेड पडतो, तो फार जुन्या काळचा सूर्यप्रकाशच होय. कोळशाचेही तसेच, तो गाडल्या गेलेल्या अरण्यांचा. आणि चुलीतील लाकूड म्हणजे गेल्या दहा-वीस पावसाळ्यांतले ऊन.

भाच्याने पेन्सिल खाली ठेवली. “मग सगळंच डाव्या रकान्यात जाईल की!”

“मेणबत्ती?” भाचीने त्याची परीक्षा घेतली. “चर्चमधली?”

मधमाशीचे मेण तरी कशाचे? मधाचे. मध फुलांचा आणि फूल उन्हाचे. आजकालच्या पुष्कळशा मेणबत्त्या खनिज तेलातून निघणाऱ्या मेणाच्या असतात. तेही शेवटी त्या जुन्या समुद्राचे देणे. तेव्हा वस्तू निसर्गाची आणि कौशल्य माणसाचे, असे आम्ही मुलांना सांगितले. गारेवर लोखंड घासून ठिणगी पाडणे, वात वळणे, काच फुंकून चिमणीवर बसविणे, ही माणसाची कामे. जळते ते मात्र त्याने निर्माण केलेले नाही.

तथापि सर्वच उष्णता सूर्याची, असेही नाही. गोध्र्याजवळ तुवा म्हणून गाव आहे. तेथे जमिनीतून ऊन पाण्याचे झरे येतात. पूर्वी एकदा आम्ही तेथे गेलो होतो तेव्हा भर थंडीत कुंडांवर वाफ तरंगत होती. त्या पाण्याला कोणी जाळ घातलेला नाही आणि सूर्यानेही ते तापविलेले नाही. पृथ्वीच्या पोटात तिच्या जन्मकाळची काही उष्णता शिल्लक आहे, आणि युरेनियम, थोरियम यांसारखी द्रव्ये हळूहळू फुटत राहून तिच्यात भर घालतात. पाऊस भेगांतून खोल जातो, तापतो आणि वर येतो. आमच्या सांगण्यावरून भाच्याने डाव्या रकान्यात ‘गरम झरे’ लिहिले. बहिणीने ‘काजवा’ सुचविला. काजव्याच्या शरीरातील द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो, पण त्यात जवळजवळ उष्णता नसते. तो हातावर घेतला तरी भाजत नाही. ‘वीज’ भाच्याने स्वतःच लिहिली, आकाशातली. ती ज्या वाटेने जाते तेथील हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून पाचपटीने अधिक.

मेहसाण्यास उतरून आम्ही मोढेऱ्याची बस धरली. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना एरंड, मोहरी, मधूनच जिरे. पाऊण तासात पोहोचलो.

मोढेऱ्याचे मंदिर पुष्पावती नदीच्या काठी आहे. प्रथम दिसते ते कुंड. जमिनीच्या पातळीखाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर ठिकठिकाणी लहान-लहान देवळे. त्यांची संख्या १०८ सांगतात. कुंडापलीकडे नक्षीदार खांबांचा सभामंडप आणि त्यामागे मुख्य मंदिर. सभामंडपास ५२ खांब आहेत आणि ते वर्षाच्या आठवड्यांचे द्योतक मानले जातात. सोळंकी घराण्यातील पहिला भीमदेव याच्या काळात हे बांधले गेले. मंदिराच्या मागील भिंतीवर ‘विक्रम संवत १०८३’ असा लेख आहे. इसवी सनाप्रमाणे ते १०२६-२७ साल. गमतीची गोष्ट ही की, तो लेख उलटा आहे. अक्षरांची डोकी खाली. दगड कधी काळी काढून पुन्हा बसविला असावा, असे जाणते म्हणतात. भाच्याने मान वाकडी करून तो वाचण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

मंदिराचे शिखर आज नाही. गर्भगृहात मूर्ती नाही. पूजा होत नाही. पुरातत्त्व खात्याचे राखलेले हे स्मारक आहे. बाहेरील भिंतींवर मात्र सूर्याच्या उभ्या मूर्ती आहेत आणि त्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत येणारे बूट आहेत. आपल्याकडे देवाच्या पायांत बूट पाहण्याची सवय नाही. थंड मुलखातून, मध्य आशियाकडून आलेल्या लोकांच्या वेषाची ती खूण मानतात. पूर्वाभिमुख मंदिर अशा बेताने बांधले आहे की, वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस आणि रात्र समान असताना, उगवत्या सूर्याचा किरण सभामंडप ओलांडून गर्भगृहात पोहोचावा. आम्ही डिसेंबरात गेलो असल्यामुळे तो योग आमच्या वाट्यास नव्हता. परंतु ज्या गवंड्यांनी घड्याळ आणि दुर्बीण यांवाचून सूर्याची वाट दगडात बांधून ठेवली, त्यांनी कित्येक पहाटे डोळ्यांत तेल घालून आकाश पाहिले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांची पूजा आमची नव्हे. पण त्यांचे लक्षपूर्वक पाहणे आपणां सर्वांना शिकण्याजोगे आहे.

दुपार झाली तेव्हा आम्ही गावात शिरलो. वर पाहिले तर घराघराच्या छपरावर निळसर-काळी पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून कललेली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे देशातील पहिले चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. गाव आणि आसपासची वस्ती मिळून तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटचे संच बसविले आहेत. शिवाय जवळच्या सुजाणपुरा गावी जमिनीवर सहा मेगावॅटचे केंद्र आहे आणि दिवसाची वीज रात्रीसाठी साठविणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या आहेत. त्यांत पंधरा हजार युनिटे साठू शकतात.

एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई लसूण सोलत बसल्या होत्या. बडोद्यात राहून आम्हांस गुजराती येते. आम्ही “बा, जरा पाणी मिळेल का?” असे विचारताच त्यांनी आत हाक मारली आणि सून पाण्याचा तांब्या व पाठोपाठ चहा घेऊन आली. आम्ही पाद्री आहोत हे कळल्यावर बांनी आम्हांस खुर्ची दिली, आणि बहिणीस आपल्याजवळ ओट्यावर बसवून घेतले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, परंतु लसूण सोलण्यास भाषा लागत नाही. बहिणीने मूठभर लसूण पुढे ओढला आणि आम्ही दुभाष्याचे काम करू लागलो.

बहिणीचा पहिला प्रश्न असा: “पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा दिवा लागतो का?”

प्रश्न नेमका होता. सून हसली. म्हणाली, लागतो. छपरावर कमी वीज झाली तर तारेतून येते. दिवसा जास्त झाली तर तारेतून जाते. मीटर दोन्हीचा हिशेब ठेवतो. बिल पूर्वीपेक्षा खूप उतरले. एखाद्या महिन्यात काहीच येत नाही, उन्हाळ्यात पंखे दिवसरात्र चालले की थोडे येते. पॅनेलवर धूळ बसते, ती पुसावी लागते. न पुसली तर वीज घटते. संच बसविताना आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, हेही तिने सांगितले.

“आणि स्वयंपाक?” बहिणीचा दुसरा प्रश्न.

“तो गॅसवर. आणि पाणी तापवायला, भाकरीला, मागल्या अंगणात चूल आहे.”

बहिणीने आमच्याकडे पाहिले. “दादा, म्हणजे सूर्याच्या गावातही चूल सुटली नाही.”

वाचकहो, येथे जरा थांबून हिशेब पाहिला पाहिजे, कारण हा हिशेब तुमच्याआमच्या प्रत्येक घरचा आहे. एक किलोवॅटचा संच चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट वीज देतो. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा तेवढ्या विजेवर सलग अठरा दिवस जळेल. परंतु दोन हजार वॅटची विजेची शेगडी पूर्ण जोराने चालविली तर तीच चार युनिटे दोन तासांत संपतात. आता लाकडाकडे वळू. एक किलो सुक्या लाकडात उष्णता असते ती चार युनिटांहून थोडी अधिकच. म्हणजे छपरावरील संच दिवसभर उन्हात राबतो आणि एक किलो सरपणाएवढी ऊर्जा गोळा करतो. गॅसच्या १४.२ किलोच्या टाकीत सुमारे १८० युनिटे मावतात. साध्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा थोडासाच वाटा भांड्यास लागतो. बाकीचा भिंतीला, हवेला आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडाला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, उजेड स्वस्त झाला आहे. जुन्या बल्बमध्ये शंभर भाग विजेतील जेमतेम पाच भागांचा उजेड होई, बाकीची उष्णता. खरे पाहता ती थोडीशी उजळणारी शेगडीच होती. निळा प्रकाश देणारा एलईडी साधला तेव्हाच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला, आणि त्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिकॉनच्या पट्टीवर ऊन पाडून कामापुरती वीज मिळविण्याचे कार्य १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाले. तेव्हा शंभरातील सहा भाग उन्हाची वीज होई, आज बाजारातील पॅनेल वीस भागांच्या आसपास देतात. पण दुसरी गोष्ट अशी की, उष्णता अजून महागच आहे. दिवा लावणे सोपे, डाळ शिजविणे कठीण. काचेचे झाकण असलेली काळी सूर्यपेटी दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत डाळभात शिजविते, असे आम्ही उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा बहीण म्हणाली, “दुपारी बाराला मी घरी असते कुठं? रानात असते. आणि पोरांना जेवायला लागतं सकाळी सातला.” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमची आई रोज रानातून सरपणाची मोळी डोक्यावर आणीत असे. त्या मोळीत किती दिवसांचे ऊन बांधलेले असे, हे त्या दिवशी मोढेऱ्याच्या ओट्यावर आम्हांस प्रथम कळले. फुंकणीने फुंकून-फुंकून तिचे डोळे लाल होत. लाकडाच्या धुराने डोळे व छाती दोन्ही बिघडतात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तो बाईच्या जातीला लागलेला भोग समजला जाई. घरोघरी गॅस पोहोचावा म्हणून २०१६ पासून उज्ज्वला योजना निघाली आणि पुष्कळ घरांत टाकी आली. परंतु टाकी संपली की दुसरी आणावयास पैसे जमेपर्यंत चूल पेटतेच, हे तुम्ही जाणता.

आणि आता ती गोष्ट, जी आम्ही आजवर लिहिली नव्हती.

आमच्या लहानपणी आमच्या वस्तीवर वीज आली नव्हती. आम्ही अकरा वर्षांचे, बहीण सहा वर्षांची. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. पत्र्याच्या चिमणीत घासलेट घालून ती ट्रंकेच्या कडेवर ठेवून आम्ही वाचीत होतो. आईने दोनदा सांगितले होते, “चिमणी भुईवर ठेव.” भुईवर ठेवली की अक्षरांवर सावली पडे, म्हणून ऐकले नाही. बहीण उजेडाजवळ खेळत होती. तिचा धक्का लागला, की आमच्याच कोपराचा, हे आज सांगता येणार नाही. चिमणी कलंडली, तेल सांडले, आणि तिच्या झग्याच्या बाहीने पेट घेतला. त्या क्षणी आम्ही काय केले? आम्ही आधी पुस्तक उचलले. पुस्तक शेजाऱ्यांकडून मागून आणलेले होते. आई चुलीपासून धावत आली, तिने गोधडी टाकून बाही विझविली आणि रांजणातले पाणी तिच्या हातावर ओतत राहिली. शेजारणी जमल्या, कोणी शाई लावा म्हणाले, कोणी राख. आईने कोणाचे ऐकले नाही. पाणीच ओतीत राहिली. पुढे बैलगाडीने दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टरांनी, पाणी ओतले हेच उत्तम केले, असे सांगितले. वाचकहो, हे लक्षात ठेवा: भाजलेल्या जागी शाई, राख, दंतमंजन, तूप असले काही लावू नये, लगेच साधे थंड पाणी वीस मिनिटे तरी वाहते ठेवावे, स्वच्छ कापडाने झाकावे आणि दवाखान्यात न्यावे.

हात वाचला, खूण राहिली. कोपरापासून मनगटापर्यंत. आम्ही परीक्षेत उत्तीर्ण झालो, पुढे शिकलो, सेमिनरीत गेलो. बहिणीची शाळा त्या वर्षी बुडाली, ती पुन्हा नीट लागली नाही. त्या एका पुस्तकाविषयी आम्ही तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

संध्याकाळी आम्ही पुन्हा मंदिराजवळ आलो. सूर्य मावळला, गारठा वाढला. कुंडाच्या पायऱ्या काळवंडल्या आणि मग हळूहळू दिवे लागले. मंदिराच्या भिंती सोनेरी उजळल्या. त्या भिंतींवर दुपारी पडलेले ऊनच जणू पुन्हा परत आले. मुले पुढे धावली. आम्ही दोघे मागे राहिलो, आणि आम्ही तिला ते सांगितले. पुस्तकाचे.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, मला ते आठवत नाही. मला आईचं पाणी ओतणं आठवतं. रात्रभर ओतत होती असं वाटतं.” थोडे थांबून पुढे म्हणाली, “पण तू सांगितलंस ते बरं केलंस. मला वाटायचं, मीच चिमणी पाडली म्हणून तू माझ्यावर रागावलायस. म्हणून सुटीत घरी आलास तरी बोलत नव्हतास.”

इतकी वर्षे! आम्ही आमच्या लाजेने गप्प, आणि ती त्या गप्प बसण्याला राग समजून गप्प. अंधार असा दोन्ही बाजूंनी वाढत असतो.

परतीच्या बसमध्ये भाच्याने वही आमच्या मांडीवर ठेवली. डावा रकाना: सूर्य, गरम झरे, काजवा, वीज. उजवा: बल्ब, शेकोटी, मेणबत्ती, कारखान्याची ज्वाला, एलईडी. ‘मोढेऱ्याचा दिवा’ त्याने मधल्या रेघेवरच लिहिला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. “बाई मार्क कापतील,” भाची म्हणाली. कापोत. आम्हांस ते उत्तर बरोबर वाटले. चूल मात्र अजून कोठेच लिहिलेली नव्हती.

बहिणीने पेन्सिल घेतली. तिचे अक्षर लहान मुलासारखे आहे. तिने रेघेच्याच खाली, दोन्ही रकान्यांच्या मधोमध, सावकाश लिहिले: ‘चूल. लाकूड झाडाचे. जाळ आईचा.’

बडोदे येईपर्यंत मुले झोपली होती. बाजव्याजवळ ती उंच ज्वाला पुन्हा दिसली. स्टेशनबाहेर शेकोटी पेटलेलीच होती, माणसे निराळी. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तेथे उभे राहिलो, आणि या वेळी बहीणही पुढे आली. तिने शाल मागे सारली आणि दोन्ही हात आगीपुढे धरले.